चीज, मिरी आणि पास्त्याचं पाणी: रोमचा क्रीमी सॉस का फुटतो आणि कसा जमतो

सप्टेंबर २०२५ मध्ये बॉस्टनला इग नोबेल पुरस्कार जाहीर झाले आणि त्यातला भौतिकशास्त्राचा पुरस्कार गेला एका पास्ता सॉसच्या अभ्यासाला. ऐकून हसू येतं. ते यावं अशीच या पुरस्काराची योजना आहे: आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या खऱ्याखुऱ्या संशोधनाला तो दिला जातो. पुरस्कार मिळवणारे आठही शास्त्रज्ञ मूळचे इटलीचे. कुणी जर्मनीत ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत, कुणी बार्सिलोनाच्या विद्यापीठात, कुणी पादुआत, कुणी ऑस्ट्रियात काम करणारा. त्यांचा शोधनिबंध ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात त्याच वर्षी आला होता आणि त्याचा विषय होता ‘काचो ए पेपे’, म्हणजे चीज आणि मिरी घातलेला रोमचा पास्ता.

आपल्याकडे पास्ता म्हटलं की एक तर टोमॅटोचा लाल सॉस किंवा मैदा-दुधाचा व्हाइट सॉस. त्यामुळे प्रश्न पडतो, चीज वितळवून पास्त्यावर घालायचं, त्यात कसलं आलंय भौतिकशास्त्र? पण हा सॉस करून बघितलेल्या कुणालाही विचारा. साहित्य तीन-चार जिनसांचं, वेळ वीस मिनिटांचा, आणि तरी ताटात येतं ते बऱ्याचदा असं: खाली पांढुरकं पाणी, वर तुपकट तवंग आणि पास्त्याला चिकटलेले रबरासारखे गोळे. चीज उत्तम असतं, मन लावून ढवळलेलं असतं, तरीही. असं का होतं याचं उत्तर फार सुंदर आहे, आणि ते एकदा कळलं की इतर अनेक सॉसचंही कोडं उलगडतं.

## मुळात पदार्थ काय आहे?

रोम ज्या लाझियो प्रांतात आहे तिथला हा पदार्थ. त्यात पास्ता असतो, बहुतेक वेळा स्पॅगेटी किंवा तोन्नारेल्ली नावाच्या जाडसर चौकोनी शेवया. पेकोरीनो रोमानो नावाचं मेंढीच्या दुधाचं कडक, खारट, मुरवलेलं चीज असतं. ताजी भरडलेली काळी मिरी असते. आणि पास्ता ज्यात शिजला ते पाणी. संपलं. लोणी नाही, तेल नाही, क्रीम तर नाहीच. तरीही नीट जमलेला सॉस इतका मऊ आणि दाट असतो की खाणाऱ्याला त्यात वाटीभर साय असावी असं वाटतं.

रोमची माणसं या यादीबद्दल किती हळवी आहेत ते ऑगस्ट २०२५ मध्ये दिसलं. ब्रिटनच्या ‘गुड फूड’ या संकेतस्थळावरच्या काचो ए पेपेच्या पाककृतीत पार्मेजान (गाईच्या दुधाचं कडक चीज) आणि लोणी होतं. त्यावर इटलीतल्या हॉटेलचालकांच्या संघटनेने जाहीर निषेध केला आणि प्रकरण थेट ब्रिटिश राजदूतांपर्यंत नेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक भरली, तिथे इटालियन स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. आपली दिवाळीही त्याच बैठकीत त्या यादीत गेली.

या पदार्थाच्या जन्माची कथा अशी सांगतात की डोंगरात कळप घेऊन महिनोन्‌महिने फिरणारे मेंढपाळ न नासणाऱ्या तीन गोष्टी झोळीत ठेवत: वाळलेला पास्ता, मुरलेलं चीज आणि मिरी. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी. मिरीचा प्रवास मात्र इतिहासातला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जहाजं मलबारच्या किनाऱ्यावर मुझिरिस बंदरात येऊन मिरी भरून नेत होती आणि या मिरीपायी रोमचा पैसा कसा जातो याबद्दल प्लिनी या रोमन लेखकाने त्या काळी नाराजी लिहून ठेवली आहे. आज सिंधुदुर्गात आणि गोव्यात पोफळीच्या बागांमधून जी वेल चढलेली दिसते, ती हीच.

## चीजच्या आत काय असतं?

आता मूळ मुद्द्याकडे. कुठल्याही चीजमध्ये तीन मुख्य गोष्टी असतात: प्रथिनं, स्निग्धांश आणि पाणी. दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. दुधात रेनेट नावाचं, दूध गोठवणारं विकर (एन्झाइम) घातलं की केसीनचे कण एकमेकांना धरून बसतात आणि त्यांच्या जाळीत स्निग्धांशाचे थेंब व पाणी अडकतं. हे कण एकमेकांना धरून ठेवण्यात कॅल्शियमचा मोठा हात असतो. कॅल्शियमचं हे काम लक्षात ठेवा, पुढे ते उपयोगी पडणार आहे.

पेकोरीनो रोमानो कमीत कमी पाच महिने मुरवतात आणि किसायचं चीज आठ महिने. मुरताना पाणी घटतं, चव तीव्र होते, प्रथिनांच्या लांब साखळ्या हळूहळू तुटतात. म्हणून ताजा मोझरेला तारा काढत ताणला जातो आणि मुरलेलं पेकोरीनो किसताच भुगा होतो. मेंढीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश आणि प्रथिनं दोन्ही जास्त असतात, त्यामुळे हे चीज भरदार असतं.

आता आपल्याला हवं काय आहे? या चीजचे बारीक कण पाण्यात सगळीकडे सारखे पसरावेत आणि तसेच पसरलेले राहावेत. एरवी एकमेकांत न मिसळणारे पाणी आणि स्निग्ध पदार्थ असे एकजीव होऊन राहतात तेव्हा त्याला इमल्शन म्हणतात. दूध हे इमल्शन आहे, लोणीही आहे. काचो ए पेपेचा सॉस म्हणजे चीजच्या कणांचं, स्निग्धांशाचं आणि पाण्याचं असंच एकजीव मिश्रण. जिभेला जो मलईदारपणा जाणवतो तो या बारीक, समान पसरलेल्या कणांचा. क्रीम न घालता क्रीमी लागण्याचं रहस्य इतकंच आहे.

## मग गुठळ्या का होतात?

कारण उष्णता. प्रथिनांच्या साखळ्या आपापल्या विशिष्ट घडीत दुमडलेल्या असतात. तापमान वाढलं की त्या घड्या उलगडतात आणि आत लपलेले चिकट भाग उघडे पडतात. शेजारी तसाच उघडा पडलेला दुसरा रेणू असला की दोघं चिकटतात, मग तिसरा, मग शेकडो. चिकटताना ते आकसतात, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात आणि सुटलेला स्निग्धांश वर तरंगतो. पाणी, तवंग आणि रबरी गोळे ही तिन्ही लक्षणं एकाच घटनेची आहेत.

नुसतं चीज आणि पाणी असेल तर साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे हे गोळे जोरात बनू लागतात. शास्त्रज्ञांनी या अवस्थेला चक्क ‘मोझरेला अवस्था’ असं नाव दिलं आहे, कारण तारा काढणारा एक मोठा गोळाच तयार होतो. आता विचार करा, गॅसवरून नुकताच उतरवलेला पास्ता नव्वद अंशांच्या वर असतो. त्यावर किसलेलं चीज टाकणं म्हणजे त्याला सरळ त्या अवस्थेत ढकलणं.

मराठी घरात या घटनेची ओळख करून द्यावी लागत नाही, कारण आपण कढी करतो. नुसतं ताक गॅसवर ठेवून रटरटू दिलं तर ते फुटतं: खाली चोथा, वर पाणी. म्हणून ताकाला आधी बेसन लावायचं, आच मंद ठेवायची, एकसारखं ढवळायचं आणि उकळी फुटू द्यायची नाही. ताकातलं केसीन आणि चीजमधलं केसीन एकाच घराण्यातलं, आणि बेसन तिथे जे काम करतं त्यातला मोठा वाटा स्टार्चचा असतो. कढीला बेसन कशासाठी लावायचं हे ज्या बाईने पहिल्यांदा ताडलं, तिने या शोधनिबंधातलं अर्धं सूत्र चुलीपाशी बसूनच ओळखलं होतं.

## स्टार्च नेमकं काय करतं?

स्टार्च म्हणजे धान्यातलं आणि कंदातलं पिष्ट. तांदळाची पेज दाट होते ती त्याच्यामुळे. गार पाण्यात स्टार्चचे दाणे नुसते तळाला बसतात. पाणी तापलं की ते फुगतात, फुटतात आणि आतल्या लांब साखळ्या पाण्यात पसरतात. त्या दोन कामं करतात. एक तर पाणी दाट करतात, त्यामुळे चीजच्या कणांच्या हालचाली मंदावतात आणि ते एकमेकांवर कमी आदळतात. दुसरं म्हणजे त्या प्रथिनांच्या मध्ये येतात, आणि उलगडलेल्या प्रथिनांना एकमेकांपर्यंत पोचणं अवघड होतं.

या आठ जणांच्या कामाचं खरं मोल इथे आहे. स्टार्च लागतं हे स्वयंपाक्यांना ठाऊकच होतं. किती लागतं हे कुणी पद्धतशीर मोजलं नव्हतं. त्यांनी चीज, पाणी आणि स्टार्चचं प्रमाण बदलत, तापमान थोडं थोडं वाढवत, दर वेळी मिश्रणाचा नमुना काढून त्याचा फोटो घेतला आणि गुठळ्यांचे आकार मोजले. त्यातून एक नकाशाच तयार झाला: या तापमानाला इतकं स्टार्च असेल तर सॉस नितळ, तितकं असेल तर फुटलेला.

नकाशाचं सार तीन आकड्यांत येतं. चीजच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी स्टार्च असेल तर गोळे जवळपास ठरलेले. २ ते ३ टक्के असेल तर सॉस टिकतो आणि मऊही राहतो. ४ टक्क्यांच्या पुढे गेलात तर तापल्यावर काही बिघडत नाही, पण गार होताना सॉस घट्ट, खळीसारखा होऊन बसतो. म्हणजे मधलं, योग्य प्रमाण धरलं तर २०० ग्रॅम चीजला ५ ग्रॅम स्टार्च. इतक्या लहान फरकावर पदार्थ जमणं किंवा बिघडणं अवलंबून असेल, तर ‘आज जमलं, परवा बिघडलं’ हा अनुभव सगळ्यांना का येतो ते आपोआप कळतं.

## पण पास्त्याच्या पाण्यात स्टार्च असतंच की!

असतं. पास्ता शिजताना त्याच्या पृष्ठभागावरचं स्टार्च पाण्यात उतरतं, म्हणूनच ते पाणी ढगाळ दिसतं आणि परंपरेत तेच वापरतात. अडचण अशी की ते किती उतरलं हे सांगता येत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेतलं तर ते इतकं पातळ असतं की एक टक्क्याचीही रेषा गाठत नाही. पास्ता कसा बनवला होता यावरही ते अवलंबून असतं. ब्रॉन्झच्या साच्यातून काढलेल्या पास्त्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि तो जास्त स्टार्च सोडतो. गुळगुळीत पास्ता कमी सोडतो.

रोमच्या मुरलेल्या स्वयंपाक्यांकडे यावर उपाय आहेत. कुणी पास्ता अगदी थोड्या पाण्यात शिजवतो. कुणी ते पाणी वेगळं आटवतो. उपाहारगृहात तर त्याच पाण्यात दिवसभर घाण्यामागून घाणा पास्ता शिजतो आणि संध्याकाळपर्यंत ते पाणी मस्त दाट झालेलं असतं. हॉटेलात खाल्लेला काचो ए पेपे घरी हुबेहूब होत नाही यामागे त्या पाण्याचा मोठा हात आहे. घरच्या एका घाण्याला ते भाग्य मिळत नाही. म्हणून शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की स्टार्च मोजून वेगळं घाला आणि निर्धास्त व्हा.

## तर घरी करायचं कसं?

दोघांसाठी २०० ग्रॅम स्पॅगेटी आणि १२० ग्रॅम चीज धरू. स्टार्च ३ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा कॉर्नफ्लॉवर. बटाट्याचं स्टार्च मिळालं तर तेही चालतं.

कॉर्नफ्लॉवर ३० मिली गार पाण्यात कालवून छोट्या भांड्यात मंद आचेवर ढवळत राहा. आधी ते दुधाळ दिसतं, मग एकदम दाटतं आणि जवळजवळ पारदर्शक होतं. ही खूण महत्त्वाची आहे, कारण कच्चं कॉर्नफ्लॉवर चीजचं रक्षण करत नाही. दाणे फुगून फुटायलाच हवेत. आता त्यात ६० मिली साधं पाणी घाला. त्याने खळ सैल होते आणि कोमटही होते. मिक्सरच्या छोट्या भांड्यात चीजचे तुकडे आणि ही खळ एकत्र फिरवली की लोण्यासारखा नितळ गोळा तयार होतो. हाच सॉस. अजून पास्ता शिजायला टाकलेला नसेल तरी घाई नाही, हा थांबतो.

मिरी कोरडी भाजून खलबत्त्यात भरडा. चमचा-दीड चमचा घ्या. मिरी इथे वरून भुरभुरवायची वस्तू नाही, पदार्थाच्या नावातच ती आहे. मिरीचा तिखटपणा ज्या पिपेरीनमुळे येतो ते पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. म्हणून चीजमध्ये मिसळल्यावर मिरी सगळीकडे सारखी आणि गोलाईने लागते, घशाला टोचत नाही.

पास्त्याच्या पाण्यात मीठ नेहमीपेक्षा बरंच कमी घाला, कारण पेकोरीनो स्वतःच चांगलं खारट असतं. पास्ता किंचित कणीदार असतानाच काढा आणि त्याचं वाटीभर पाणी बाजूला ठेवा. आता गॅस बंद. पास्ता पसरट भांड्यात घेऊन अर्धा-पाऊण मिनिट नुसता हलवा, वाफ जाऊ द्या. मग सॉस आणि मिरी घालून भराभर परता. घट्ट वाटलं तर बाजूला ठेवलेलं पाणी चमच्या-चमच्याने घाला. सॉस प्रत्येक शेवईला धरून बसला पाहिजे आणि ताटलीत किंचित ओघळलाही पाहिजे.

थर्मामीटरची गरज नाही. वाफ दिसते आहे पण बुडबुडा एकही नाही, इतपत गरम भांडं पुरेसं आहे.

## हा परंपरेचा अपमान नाही का?

मला तसं वाटत नाही, आणि त्या शास्त्रज्ञांनाही वाटलेलं नाही. रोमच्या आजीला या आकड्यांची गरज नाही हे त्यांनीच निबंधात मोकळेपणाने लिहिलं आहे. आजी पाण्याचा ढगाळपणा बघते, हाताला लागणारी वाफ बघते, चीज किती मुरलेलं आहे ते वासावरून ओळखते आणि त्यानुसार पाणी कमी-जास्त करते. तिचं मोजमाप डोळ्यांत आणि हातांत असतं. ज्यांच्याकडे ती पन्नास वर्षांची सवय नाही त्यांच्यासाठी हे आकडे आहेत. शिवाय कॉर्नफ्लॉवर घातल्याने पदार्थात परकं असं काही येत नाही, पास्त्याच्या पाण्यात जे कमी पडतं तेवढंच भरून निघतं. चवीत फरक कळत नाही, कारण चीजच्या चाळीस भागांमागे ते एकच भाग असतं.

लोण्याबद्दलची रोमकरांची नाराजी मात्र मला पटते. लोण्याने सॉस सोपा होतो, पण पेकोरीनोची ती तीक्ष्ण, किंचित रानवट चव बुजते, आणि या पदार्थात दुसरं आहेच काय?

## मग आल्फ्रेडो सॉसमध्ये क्रीम का घालतात?

मूळच्या आल्फ्रेडोतही क्रीम नव्हतं. रोममध्ये आल्फ्रेडो दि लेलिओ नावाचे हॉटेलमालक होते. त्यांच्या कुटुंबात सांगितली जाणारी हकिकत अशी की १९०८ च्या सुमारास बाळंतपणानंतर पत्नी इनेस यांची अन्नावरची वासना उडाली, तेव्हा त्यांनी लोणी आणि पार्मेजान घालून फेत्तुच्चिनेच्या रुंद पट्ट्या कालवून दिल्या. बाळंतिणीला पचेल आणि रुचेल असं काही करून घालण्याची ही धडपड आपल्या घरांनाही ओळखीची आहे. पुढे रोमच्या विया देल्ला स्क्रोफा या रस्त्यावरच्या त्यांच्या हॉटेलात हा पदार्थ गाजला. १९२० मध्ये मधुचंद्राला युरोपात आलेले हॉलिवूडचे तारे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स तिथे जेवले आणि त्या पदार्थाच्या इतके प्रेमात पडले की त्यांनी आल्फ्रेडोंना सोन्याचा काटा-चमचा भेट दिला. त्यांच्यामुळे नाव अमेरिकेत पोचलं.

लोणी-पार्मेजानचा सॉस काचो ए पेपेपेक्षा सोपा असतो, कारण लोणी स्वतःच इमल्शन आहे आणि चीजच्या कणांमध्ये स्निग्धांशाची भर पडल्याने प्रथिनं विरळ होतात. तरीही तो ताटात नेता नेताच चांगला लागतो. अमेरिकेत या सॉसमध्ये क्रीम आलं आणि हा प्रश्न सुटला. दाट क्रीममध्ये स्निग्धांश भरपूर आणि प्रथिनं कमी, त्यामुळे ते उकळलं तरी सहसा फुटत नाही. सॉस आधी करून ठेवता येतो, बाटलीत भरून विकताही येतो. इटलीत मात्र आल्फ्रेडो हे नाव फारसं चालत नाही. तिथे घरोघरी तो साधा ‘लोणी-पार्मेजानचा पास्ता’ असतो.

रोमचा तिसरा प्रसिद्ध सॉस कार्बोनारा. त्यात क्रीमची जागा अंडी घेतात. अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं, ते पाणी आणि स्निग्धांश दोघांनाही धरून ठेवतं. पण अंड्याची प्रथिनंही उष्णतेने आकसतातच, म्हणून तिथेही नियम तोच: गॅस बंद करून कालवायचं, नाहीतर भुर्जी होते.

## आपला व्हाइट सॉस कधी फुटत नाही तो का?

पुण्या-मुंबईच्या कॅफेत आणि आता लग्नाच्या लाइव्ह काउंटरवरही जो व्हाइट सॉस पास्ता मिळतो, त्याचा पाया बेशामेल हा सॉस असतो: लोण्यावर मैदा परतून त्यात दूध. मैदा म्हणजे बहुतांश स्टार्च. म्हणजे जे काम काचो ए पेपेत चिमूटभर स्टार्च करतं, तेच इथे चमचे-चमचे मैदा करतो. तो फुटणं जवळपास अशक्यच. त्याची किंमत चवीत मोजावी लागते. मैद्याने जीभ झाकली जाते आणि चीज मागे राहतं. म्हणून त्यावर ओरेगानो आणि मिरचीचे तुकडे सढळ हाताने टाकावे लागतात.

दुसरं कारण आपल्या चीज क्यूबमध्ये आहे. क्यूब आणि स्लाइस हे प्रक्रिया केलेलं चीज असतं. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात. मघाचं कॅल्शियम आठवा. केसीनच्या कणांना एकत्र धरणारं ते कॅल्शियम हा क्षार स्वतःकडे ओढून घेतो. मग प्रथिनं सुटी होतात, पाण्यात सहज पसरतात आणि स्निग्धांशाला धरून ठेवतात. असं चीज कितीही तापवा, ते गुळगुळीतच वितळतं. या शास्त्रज्ञांनी काचो ए पेपेतही स्टार्चऐवजी सायट्रेट वापरून पाहिलं आणि तेही काम करतं. म्हणजे फुटणं टाळायला दोन वाटा आहेत: प्रथिनांच्या मध्ये आडकाठी घालणं किंवा त्यांना जोडणारा दुवा काढून घेणं.

मग क्यूब किसून काचो ए पेपे करता येईल का? सॉस नितळ होईल, पण चव सौम्य आणि दुधाळ लागेल. या पदार्थाचा प्राण मुरलेल्या चीजच्या तीक्ष्णपणात आहे.

## चीज कोणतं घ्यायचं, आणि शाकाहारी लोकांचं काय?

ही शंका आपल्याकडे हमखास निघते आणि ती रास्त आहे. पेकोरीनो रोमानो या नावाने विकल्या जाणाऱ्या अस्सल चीजमध्ये कोकराच्या जठरापासून काढलेलं रेनेट वापरतात, आणि पार्मिजानो रेज्जानोमध्ये, म्हणजे अस्सल पार्मेजानमध्ये, वासराचं. युरोपीय कायद्याने ही नावं आणि त्यांच्या बनवण्याच्या पद्धती बांधून दिलेल्या आहेत, त्यामुळे त्यांची शाकाहारी आवृत्ती त्या नावाने मिळत नाही. काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी ही दोन्ही चीज टाळावीत. हॉटेलात विचारायला संकोच करू नये.

भारतात बनणारं पार्मेजान धर्तीचं कडक चीज मात्र सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरून करतात आणि त्यावर हिरवा ठिपका असतो. ते गाई-म्हशीच्या दुधाचं असल्याने मेंढीच्या चीजचा रानवटपणा त्यात येणार नाही, पण मुरलेलं आणि कडक असेल तर सॉस उत्तम होतो. वर सांगितलेलं प्रमाणही तेच राहतं. फक्त खारटपणा चाखून पास्त्याच्या पाण्यातलं मीठ ठरवा.

डब्यातलं तयार किसलेलं चीज शक्यतो नको. ते चिकटू नये म्हणून त्यात बऱ्याचदा सेल्युलोजसारखी पूड मिसळलेली असते आणि तिच्यामुळे सॉस रवाळ लागतो.

आरोग्याचं थोडक्यात: शंभर ग्रॅम कडक चीजमध्ये साधारण ४०० कॅलरी असतात आणि मीठही भरपूर असतं. रक्तदाब असलेल्यांनी जपून खावं. माणशी ६० ग्रॅम चीज हे महिन्याकाठी एखाद्या जेवणासाठी ठीक, रोजच्या डब्यासाठी नाही.

## उरला तर? किंवा दहा जण जेवायला असतील तर?

नुसतं चीज आणि पास्त्याचं पाणी वापरून केलेला सॉस पुन्हा गरम केला की फुटतोच. तो तेव्हाच्या तेव्हा खायचा. मोजून स्टार्च घातलेला सॉस बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत तग धरतो. म्हणून पाहुणे असतील तेव्हा मिक्सरमधला सॉस सकाळीच करून झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. तो घट्ट होईल, त्याची काळजी नको. वाढायच्या वेळी गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं धरून सैल करावा, पास्ता मात्र ताजाच शिजवावा, आणि एका वेळी चार-पाच जणांपुरताच कालवावा. त्याहून मोठ्या घाण्यात खालचा पास्ता गार होतो आणि वरचा अजून कोरडाच असतो. ताटल्या आधी गरम पाण्याने धुऊन पुसून घेतल्या तर सॉस शेवटच्या घासापर्यंत सैल राहतो.